एक मीटर उंचीची घटपर्णी

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं ते चौकाचौकात पेटुनिया लावण्यासाठी नव्हे, हे मी आमच्या मॅनेजरला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे. तोही ऐकून घ्यायचा बिचारा. म्हणायचा, "मॅडम, लोकांना पेटुनिया हवी आहे. तुम्हाला काय हवंय ते कोणी विचारलेलं नाही." त्याचंही बरोबरच होतं, पण बरोबर असलेल्या माणसाचा राग जास्त येतो.

कंपनी लँडस्केपिंगची. नर्सरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या खोल्या, आणि मधे हिरव्या जाळीखाली आमची झाडं. माझं काम असं की कुठल्या प्रोजेक्टला कुठली झाडं, किती, केवढी, याची यादी करायची आणि खाली सही ठोकायची. केवढी, हे सगळ्यात महत्त्वाचं. पुण्यात आपण रोप लावतो आणि वाट बघतो. तिथं वाट बघायला कोणाला सवड नव्हती. इमारत ताब्यात द्यायच्या दिवशी झाड वीस फुटांचं हवं, फुलांनी लगडलेलं हवं, आणि जणू मालकाच्या आजोबांनीच लावलंय असं दिसायला हवं. खजूर ट्रेलरवर आडवे पडून यायचे, मांडवाच्या बांबूंसारखे, आणि संध्याकाळपर्यंत ओळीत उभे राहायचे. मला आधी हसू यायचं. मग सवय झाली. मग मीच अशा याद्या डोळे मिटून करायला लागले, आणि तिथंच घोटाळा झाला.

दोन हजार आठ उजाडलं तेव्हा दुबईत सगळ्यांच्या अंगात आलं होतं. एका हॉटेलवाल्याला लॉबीत आख्खं वर्षावन हवं होतं. धबधबा, धुकं, वेली, सगळं एसीत. त्याचा कन्सल्टंट म्हणाला, काहीतरी 'वॉव' पाहिजे, किडे खाणारी झाडं मिळतील का?

मी खुर्चीतून उडालेच! घटपर्णी! कॉलेजात मी ती एकदाच पाहिली होती, काचेच्या बरणीत, फॉर्मॅलिनमधे, उकडलेल्या पडवळाच्या रंगाची. तरी मला ती फार आवडली होती. पानाचं टोक लांबत जातं आणि त्याला एक सुरई लटकते, वर झाकण, आत पाणी. मुंगी काठावर मध चाटायला येते, पाय घसरतो, आत पडते आणि विरघळते. झाड असल्या दरिद्री मातीत उगवतं की मुळांना खायला काही मिळत नाही, म्हणून त्यानं वरती हवेत जेवणाचा डबा लावलाय. एवढी हुशारी मी आमच्या ऑफिसात कोणात पाहिली नव्हती.

आनंदाच्या भरात मी यादी लिहिली. घटपर्णी, नग साठ, पूर्ण वाढलेली, उंची किमान एक मीटर, प्रत्येकीला किमान सहा घट. बोगनवेलीसाठी लिहायचे तसंच लिहिलं आणि सही केली. एक मिनिटसुद्धा विचार केला नाही की इतक्या सावकाश वाढणारं झाड एक मीटरचं होईपर्यंत कुठली नर्सरी कुंडीत सांभाळत बसेल. कोणीच नाही! एवढी मोठी झाडं फक्त एकाच ठिकाणी असतात, जिथं ती जन्मली तिथं. हे मला समजायला हवं होतं. फर्स्ट क्लास मिळाला होता मला.

खोकी आली त्याच आठवड्यात मंदी आली. म्हणजे ती आधीपासून येतच होती, पेपरात, बँकांच्या बातम्यांत. आमच्याकडे ती एका ईमेलमधून आली. हॉटेलचं काम थांबवलंय, पुढचं कळवू. आमच्या जाळीखाली हजारो झाडं उभी, आणि त्यांना जायला जागाच नाही. ज्या व्हिलांसाठी मोगरा वाढवला त्या व्हिला नकाशावरच राहिल्या. मॅनेजर दिवसभर फोनवर, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एकच शब्द: खलास.

घटपर्णीची खोकी मी आणि आमच्या माळीबुवांनी मिळून उघडली. हे माळीबुवा राजापूरकडचे, पन्नाशीला आलेले, मला ताई म्हणायचे. शिक्षण सातवी, पण झाडाच्या बाबतीत माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे, आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पहिलं झाड उचललं, मुळाला चिकटलेली माती बोटांत चुरडली आणि झाड परत खोक्यात ठेवलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"ताई, ही कुंडीतली नाय. ही उपटलेली हायत."

कागदावर तर ठळक लिहिलं होतं, नर्सरीत वाढवलेली. मी कागद दाखवला. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. मुळं फाटली होती. तांबडी माती, त्यात शेवाळ, एक बारकंसं ऑर्किड, कुठल्याशा जंगली झाडाची सुकलेली पानं. एका सुरईत मेलेल्या मुंग्या होत्या, आमच्याकडे दिसत नाहीत तसल्या, मोठ्या लाल. खोक्यावर नाव होतं त्या बेटावरच्या कुठल्या तरी डोंगरावरून कोणीतरी शोधून शोधून मोठी झाडं उपटली होती, कारण मी एक मीटरची मागितली होती.

"आमच्या गावच्या कातळाच्या सड्यावर पावसात अशीच माशी धरणारी बारकी तांबडी रोपटी येत," माळीबुवा म्हणाले. "आमी पोरं काडीनं खाजवायचो त्यांना. आता थयसर चिऱ्याची खाण झाली. गेल्या साली बघाया गेलो तर सडाच नाय!" असं म्हणून ते हसले. त्यांची हसायची वेळ नेहमी चुकायची.

मला मात्र हसू आलं नाही. मला शरम वाटली. मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, "यातलं एक जरी जगलं ना, तर ते मी त्याच्या डोंगरावर परत पाठवीन."

"इमानानं?" त्यांनी विचारलं.

"हो, विमानानं! आली तशीच जातील."

बोलायला काय जातं! झाडं पटापट मरायला लागली. आमच्या नर्सरीचं पाणी खारट. पेटुनियाला चालतं, खजुराला तर काय कसलंही चालतं. पण घटपर्णीला क्षारांचं वावडं. खत तर विषच. ज्यानं जन्मभर उपास काढले त्याला पंगतीला बसवलं तर जे होईल तेच. मी पाण्याच्या बाटल्या विकत आणून घातल्या, तर मॅनेजर म्हणाला, इथं माणसांना नोकऱ्या नाहीत आणि तुम्ही झाडांना मिनरल वॉटर पाजताय? तेही बरोबरच. साठाची चाळीस झाली, चाळीसाची अकरा. मेलेली सगळी खतखड्ड्यात. फेब्रुवारीत माळीबुवांचाही व्हिसा रद्द झाला. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "ताई, आपल्या ऑफिसच्या पोर्टाकॅबिनच्या एसीचं पाणी घाला. पावसाच्या पाण्यासारखं असतंय ते." तेव्हा जिवंत होती तीन.

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं पाणी, त्यात क्षार कुठून येणार! चार महिने ते माझ्या डोळ्यांदेखत खिडकीखाली टपटप गळत होतं आणि मी दुकानातून बाटल्या आणत होते. माळीबुवा दुसऱ्या दिवशी गेले. विमानतळावर जायच्या बसमधे बसेपर्यंत त्यांचा एक डोळा जाळीकडेच होता.

तिन्हींतलं एकच उरलं तेव्हा मी मॅनेजरला न विचारता ते उचललं आणि कंपनीच्या बसनं घरी आणलं, शारजात, अल नहदाला. आमचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. घरात नवरा आणि दहा वर्षांची मुलगी. मुलीनं सुरईत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आई, इट्स सो डिस्गस्टिंग. कॅन आय टेक इट टू स्कूल?" नवरा इंजिनिअर, त्यामुळे त्यानं आधी विचारलं की आर्द्रता किती लागेल.

भरपूर लागणार होती. घरात तेवढी एकाच ठिकाणी मिळत होती, मोठ्या बाथरूममधे. तिथं एक बाथटब होता. तो बांधणाऱ्याला वाटलं असेल की इथं लोक पाय पसरून लोळतील. आम्ही त्यात बादली ठेवून तांब्यानं अंघोळ करायचो. आता बादली बाहेर आली आणि झाड टबात गेलं. नवऱ्यानं वर एक ट्यूबलाइट लावून दिली, तिला टायमर लावला, आणि पूल बांधल्यासारखा आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरला. मी रोज पोर्टाकॅबिनच्या एसीखाली बरणी लावायचे आणि संध्याकाळी पाच लिटर पाणी मांडीवर घेऊन बसमधे बसायचे. सोबतच्यांना वाटायचं, ऑफिसातलं पाणीसुद्धा ही बाई घरी नेते, हिच्या घरची परिस्थिती फारच बिकट असणार. एकीनं मला चपात्यांचा डबा देऊ केला. मी घेतला. चपात्या चांगल्या होत्या.

झाडानं वर्षभर काहीच केलं नाही. मेलंही नाही, वाढलंही नाही. मग एक दिवस एक इवलीशी सुरई आली, अंगठ्याएवढी. त्या दिवशी मी शिरा केला.

आणि मग सासूबाई आल्या. व्हिजिट व्हिसावर, पुण्याहून, आल्याच्या वड्या आणि दोन किलो मेतकूट घेऊन. त्यांचा आणि माझा सूर जमतो, पण स्वच्छतेच्या बाबतीत त्या महापालिकेच्याही वरच्या. आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मला दिसलं की सुरया सुकताहेत. काठ तपकिरी पडलेत. पाणी तेच, उजेड तोच, मग झालं काय? मी डोक्यात राख घालून घरभर फिरत होते, तेवढ्यात सासूबाई अगदी समाधानानं म्हणाल्या, "अगं, त्या झाडाच्या भांड्यांत पाणी साठतं बरं का. मी रोज सकाळी ओतून देते. कोरडं करून पुसून ठेवते."

"पुसून?"

"फडक्यानं. डेंग्यूची साथ आली होती ना, तेव्हा पालिकेची बाई घरोघर येऊन सांगून गेली. कुंडी, टायर, फ्रिजचा ट्रे, कुठंच पाणी साठू द्यायचं नाही. एवढी शिकलेली तू, आणि घरात डास पाळतेस?"

मी ओरडले. सासूबाईंवर पहिल्यांदा ओरडले. नवव्या मजल्यावर, शारजात, डास? आई, ते पाणी म्हणजे त्याचं पोट आहे, तुम्ही रोज सकाळी त्याचं पोट रिकामं करून पुसताय! सासूबाई पांढऱ्या पडल्या. दुपारी जेवल्या नाहीत. संध्याकाळी बाथरूममधे गेले तर त्या स्टुलावर बसून झाडाशी बोलत होत्या. म्हणत होत्या, चुकले रे बाबा, मला कोणी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी झाड दत्तक घेतलं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यात सासूबाई म्हणजे कांदा-लसूणही जपून खाणाऱ्या. पण झाडाला उपाशी ठेवायचं नाही हे एकदा ठरल्यावर त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही. खिडकीतल्या मुंग्या, सिंकखालची बारकी झुरळं, चिमट्यात धरून एकेक आणायच्या आणि डोळे मिटून सुरईत सोडायच्या. चिमटा वेगळा, स्वयंपाकघरात आणायचा नाही. एकादशीला काय करायचं यावर त्यांची माझ्या नवऱ्याशी चर्चा झाली आणि असं ठरलं की उपास आपला, झाडाचा नाही. परत जाताना विमानतळावर नातीला जवळ घेऊन रडल्या, मला म्हणाल्या तब्येत सांभाळ, आणि शेवटी, "त्याला आठवड्याला एक पुरे गं. जास्त झालं तर अपचन होतं." सहा महिन्यांत झाड ट्यूबलाइटला टेकलं.

एव्हाना दुबईची मंदी विरघळायला लागली होती. क्रेन पुन्हा हलू लागल्या. एका नव्या कन्सल्टंटनं माझ्यासमोर यादी सरकवली, दुसऱ्या हॉटेलची, आणि ती माझीच जुनी यादी होती, शब्दन् शब्द, कुठल्यातरी फायलीतून चिकटवलेली. मी जन्मात कधी प्लास्टिकचं झाड लावलं नव्हतं. त्यावरून मी लोकांशी भांडले होते, एकदा तर एका मॉलवाल्याच्या तोंडावर त्याचा प्लास्टिकचा फर्न आपटला होता. त्या दिवशी मी पेन काढलं आणि घटपर्णीसमोर लिहिलं, कृत्रिम चालेल. कन्सल्टंट खूश झाला, म्हणाला, पाणीही घालायला नको. मला वाटलं, चला, निम्मं पाप फिटलं. उरलेलं निम्मं ते झाड डोंगरावर पोचलं की फिटेल. त्यासाठी कागदपत्रं काय लागतील याची मी चौकशीही सुरू केली. माणसाचा व्हिसा परवडला, इतकी कागदपत्रं! एका ऑफिसात मला विचारलं, झाड इथं कुठल्या परवान्यावर राहतंय? मी म्हटलं, माझ्या नवऱ्याच्या, आमच्या मुलीसारखंच. घरी हे सांगितलं तेव्हा मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला.

आणि झाडाला फुलं आली. एक लांब तुरा, बारीक बारीक तपकिरी फुलांचा, ओल्या पोत्यासारख्या वासाचा. नवऱ्यानं वास घेऊन बाथरूमचा पंखा लावला. मी भिंग घेऊन टबात उतरले. घटपर्णीत नर-मादी वेगवेगळी झाडं असतात. आमच्या फुलांत मधोमध पिवळे परागाचे गोळे होते. नर.

सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "मग आता मुलगी बघायला नको?"

"आई, झाड आहे ते."

"असू दे. वयात आलंय. वही घे, लिही." आणि त्यांनी फोनवरून मजकूर सांगितला. उंची मीटरच्या वर, रंग हिरवा, तब्येत उत्तम, निर्व्यसनी, मांसाहारी, परदेशात स्थायिक, स्वतःचा बाथटब, घरात सासूचा जाच नाही. शेवटचं वाक्य सांगताना त्या स्वतःच खुदकन हसल्या. हे सगळं मी इंग्रजीत करून, फोटो लावून, इंटरनेटवर अशी झाडं वाढवणाऱ्यांच्या एका गटावर टाकलं. एका जर्मन माणसानं माझ्या ट्यूबलाइटवर टीका केली. एका बाईनं दुसऱ्याच जातीची मादी देऊ केली. सासूबाईंना विचारलं, चालेल का? म्हणाल्या, "आपल्याला चालेल गं, पण आधी त्याच्या माणसांत बघ. त्याचंही काही म्हणणं असेल." मला तर त्याच्याच जातीची हवी होती, बी धरलं असतं तर एकाच्या जागी शंभर रोपं त्या डोंगरावर पाठवता आली असती. मी मनातल्या मनात वाफेसुद्धा आखले होते. माळीबुवांना राजापूरला फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, "ताई, लग्नाला बोलवा!"

नवव्या दिवशी, ही झाडं ज्या बेटावरून आली होती तिथल्या विद्यापीठातल्या एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेचं उत्तर आलं. सुरईच्या ओठावरच्या तांबड्या रेघांवरून तिनं झाड ओळखलं होतं. सुरुवातीलाच लिहिलं होतं की फोटो पाहून ती रडली. ही जात एकाच डोंगराच्या एका उतारावर होती. काही वर्षांपूर्वी कोणी परदेशी गिऱ्हाइकासाठी गावातल्या लोकांकडून तिथली सगळी मोठी झाडं उपटून नेली. बी धरणारी तीच होती. नंतर खाणीसाठी पाहणी करायला माणसं आली, तेव्हा उतारावर नाव घेण्यासारखं काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी अहवालात लिहिलं, येथे जपण्याजोगे काही नाही. आता तिथं खाण आहे. डोंगर राहिलेला नाही. मादी झाडं कुठं असतील हे तिला माहीत नव्हतं; उपटून नेलेल्यांत नक्की होती, एवढंच तिनं लिहिलं होतं.

मला माहीत होतं ती कुठं होती. आमच्या नर्सरीच्या मागच्या भिंतीला लागून, खतखड्ड्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एकेक करून मी स्वतः टाकली होती.

पत्राच्या शेवटी तिनं माझे आभार मानले होते. तुम्ही हे एक वाचवलंत, तुमच्यासारखी माणसं विरळा, असं लिहिलं होतं. आणि एक प्रश्न विचारला होता. तो ती तेव्हापासून सगळ्यांना विचारत होती म्हणे. एवढी मोठी झाडं कोणी मागवली, याबद्दल तुम्हाला तिकडे काही ऐकायला मिळालं का?

मी बाथरूममधे जाऊन झाडाला त्या दिवसाचं पाणी घातलं. टबाच्या पांढऱ्या तळाशी पिवळे पराग सांडले होते. मग कॉम्प्युटरपुढे बसले आणि लिहिलं, हो. मी मागवली होती.